चिंधाआबांसाठी मशीन

आमच्या ह्यांना काहीही विकत घ्यायचं म्हटलं की घाम फुटतो. छत्री घ्यायची तर यावलची सगळी दुकानं पालथी घालतील, प्रत्येक छत्री उघडून-मिटून बघतील आणि पावसाळा निम्मा सरला की जुन्याच छत्रीच्या काड्या बदलून आणतील. तेव्हा दाढीचं एक जुनं मशीन घ्यावं की न घ्यावं, यात ह्यांनी जळगावच्या बाजारात अख्खी दुपार घालवली, याचं मला काही नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते माझंच. एरवी मी ह्यांच्या हातातून वस्तू हिसकावते, दुकानदारापुढे ठेवते आणि 'बांधा' म्हणते. त्या दिवशी मलाही काही सुचत नव्हतं.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या सासऱ्यांना, सुपडूनानांना, केळीच्या बागेतच लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ज्या माणसाची हाक गावाच्या या टोकाकडून त्या टोकाला ऐकू जायची, त्याच्याजवळ एक 'हां' तेवढा उरला. भूक लागली तरी हां, खाट सावलीत सरकवायची तरी हां, आणि राग आला तरी हां. वर्षभरात ते सगळे हां मला वेगवेगळे ओळखू यायला लागले.

पहिला महिनाभर घर माणसांनी भरलेलं होतं. भाऊबंद आले, सोयरे आले, ज्यांच्याशी बांधावरून भांडण होतं तेही येऊन डोळे पुसून गेले. मग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागले. त्यात त्यांचं तरी काय चुकलं? न बोलणाऱ्या माणसासमोर किती वेळ बसणार? दोनदा 'बरं वाटतं का नाना' म्हटलं की विषय संपतो. नाना ओट्यावरच्या खाटेवर पडून रस्ता बघत बसायचे, आणि रस्त्यावरचे लोक आपल्या पायांकडे बघत पुढे जायचे.

एकटे चिंधाआबा येत राहिले.

चिंधाआबा आमच्या घरचे न्हावी. नानांच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नानांची दाढी त्यांनी केली, ह्यांचं जावळ त्यांनी काढलं, आजेसासरे गेले तेव्हा घरातल्या पुरुषांची डोकी त्यांनीच भादरली. दर बुधवारी सकाळी काखेत हत्यारांची धोपटी मारून यायचे, ओट्याखालून आवाज द्यायचे, 'बाई, पानी तापलं का?' आणि मग पटका सारखा करून नानांच्या उशाशी बसायचे. नानांपेक्षा वयाने थोडे लहान, पण गप्पांना नानांच्या तोडीस तोड. लकव्यानंतर त्यांनी एक नवीनच पद्धत काढली. प्रश्न स्वतःच विचारायचा आणि नानांच्या वतीने उत्तरही स्वतःच द्यायचं.

"काय म्हन्ता नाना, औंदा केळीले भाव येईन का?" साबण फेसता फेसता विचारायचे. मग आवाज जाड करून, "कशाचा येतो रे चिंध्या, सारं व्यापारी खाऊन जाईन!" लगेच पुन्हा आपल्या आवाजात, "आसं कसं म्हन्ता? रुपचंदनं तं गाडी भरून धाडली!" आणि मग जाड आवाजात, "रुपचंदले काय अक्कल शे का?"

नानांचा अर्धा चेहरा हसायचा. मी आतून चहा घेऊन यायची तर दोघांचं भांडण रंगात आलेलं असायचं आणि त्यातला एकच जण बोलत असायचा. आठवड्यातला तेवढा एक तास आमचे नाना पुन्हा गावात असायचे. बाकी सहा दिवस ते खाटेवर असायचे.

अडचण एकच होती. चिंधाआबांचा हात थरथरायला लागला होता.

आधी मला वाटलं, थंडी आहे. मग उन्हाळा आला तरी हात थरथरतच होता. चहाची बशी तोंडाशी नेताना निम्मा चहा धोतरावर. आणि त्याच हातात वस्तरा. बुधवार झाला की नानांच्या गालावर एक-दोन तरी चिरा दिसायच्या. आबा तुरटी फिरवायचे, वरून टॉवेल दाबायचे आणि गोष्ट पुढे चालू. नाना हूं की चूं करायचे नाहीत. मान तशीच वर, डोळे मिटलेले. आबा गेले की मी हळद लावायची. सासऱ्याच्या गालाला सुनेने हात लावायचा नाही, हे आमच्याकडचं वळण. म्हणून कापसाच्या बोळ्याने लावायची, डोक्यावरचा पदर दातात धरून. दाढी मी केली असती तर एक चीर पडली नसती. पण ते कुणी मनातसुद्धा आणलं नाही, मीही नाही.

मग न्हावी बदलायचा, असं शहरातला कुणीही म्हणेल. आमच्याकडे न्हावी बदलता येत नाही. कुठलं घर कुणाचं हे त्यांच्यात ठरलेलं असतं. गावात दुसरे तोताराम न्हावी होते. ह्यांनी त्यांना एकदा आडून विचारून पाहिलं, तर ते कानाला हात लावून म्हणाले, "ते चिंधाभाऊचं घर. मी वस्तरा लावला तं उद्या त्याले तोंड कसं दाखवू?" चिंधाआबांचा मुलगा सुरतेला दुकान टाकून बसलेला, तो काही परत यायचा नव्हता. आणि आमचे हे? हे स्वतः गेली कित्येक वर्षं यावलच्या सलूनमधून गुपचूप दाढी करून यायचे आणि आबा समोर दिसले की हाताने गाल झाकायचे. आबांनी एकदाही विचारलं नाही. त्यामुळे तर ह्यांना जास्तच लाज वाटायची.

एकदा ह्यांनी यावलहून प्लास्टिकच्या दांडीचं हलकं मशीन आणून नानांच्या उशाशी ठेवलं. चिंधाआबांनी ते चिमटीत धरून उचललं, इकडून तिकडून बघितलं. "लेकराचं खेळनं अठी कोनी टाकलं?" म्हणाले आणि बाजूला ठेवून दिलं. पुढे आम्हाला तोंड उघडायची सोय राहिली नाही.

जबड्याखालची एक चीर चिघळली तेव्हा मात्र आमचे धाबे दणाणले. नानांना साखरेचा आजार. जखम भरायचं नावच घेईना, पू झाला, तापही आला. यावलच्या डॉक्टरांनी पट्टी बांधता बांधता आम्हा दोघांना झापलं. "हे काय कसायाकडे देता का यांना? पुन्हा अशी जखम झाली तर मी जबाबदार नाही." एक औषध यावलला मिळेना, ते आणायला आम्ही दोघं जळगावला गेलो. नानांजवळ शेजारच्या कमलबाईंना बसवलं. एकट्या ह्यांना पाठवलं असतं तर औषधाची बाटली डावीकडची घ्यावी की उजवीकडची, यात दिवस गेला असता, म्हणून मी बरोबर.

औषध मिळालं. स्टँडकडे परत जाताना एका गल्लीत जुन्या वस्तूंचं दुकान होतं. बाहेर बंद पडलेली घड्याळं, कंदील, हातपंख्याच्या दांड्या, आणि काचेच्या पेटीत ते मशीन. हे थांबले. मीही थांबले.

दुकानदार लीलाधरशेठ म्हणून होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी पेटीतून मखमलीचा डबा काढला. आत मशीन झोपवून ठेवलेलं. पितळेचं, वरून चांदीसारखं पाणी दिलेलं. दांडी जाड, तिच्यावर बारीक नक्षी, हातातून सटकू नये म्हणून. खालचं बटण फिरवलं की वर दोन छोटी दारं उघडायची, त्यात पाती ठेवायची आणि बटण उलटं फिरवलं की दारं बंद.

"भुसावळच्या एका रेल्वेच्या साहेबांचं आहे," लीलाधरशेठ म्हणाले. "इंग्रजांच्या वेळचं. आता असं बनत नाही. हातात घेऊन बघा, वजन बघा."

ह्यांनी हातात घेतलं. मग माझ्या हातात दिलं. खरंच वजन होतं. आणि त्या क्षणी आम्हा दोघांच्याही मनात एकच आलं, हे मला ह्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. हे खेळणं नव्हतं. हे चिंधाआबांच्या हातात शोभलं असतं.

"थरथरत्या हाताला चालेल का हो हे?" मी विचारलं.

लीलाधरशेठनी आमच्याकडे नीट बघितलं आणि विकणारा माणूस जे बोलेल ते बोलले. "अहो, याच्या वजनानेच हात बसतो. आणि सेफ्टी आहे ना, पाती आत, कापणार कसं? डोळे मिटून करा दाढी." त्यांना विकायचं होतं. आणि आम्हाला नेमकं तेच ऐकायचं होतं.

तरी ह्यांनी मशीन डब्यात ठेवलं आणि आम्ही बाहेर आलो. बाजूच्या टपरीवर चहा घेतला.

"घेऊ का?" हे म्हणाले.

"घ्या की."

"पन द्याचं कसं? त्यायले सांगाचं काय? तुमचा हात थरथरतो, म्हनून हे घ्या? मानूस मरून जाईन लाजेनं."

"मग नका घेऊ."

"आन बुधवारी काय? डॉक्टर काय बोलला ते आयकलं ना तू?"

"मग घ्या."

"तू एक काहीतरी सांग ना!"

काय सांगणार होते मी, कपाळ? मशीन घेतलं तर आबांचा अपमान, न घेतलं तर नानांच्या गालाचे हाल. आबांना 'येऊ नका' म्हटलं तर गाल वाचणार, पण तो बुधवार जाणार. आणि बुधवार गेला तर नानांजवळ राहतं काय? मला तिथं टपरीवर रडूच आलं. हे म्हणाले, लोक बघू राह्यले. मी म्हटलं, बघू द्या.

पुन्हा दुकानात गेलो. पुन्हा मशीन हातात घेतलं. ह्यांनी बटण फिरवून दारं उघडली, मिटली, उघडली. लीलाधरशेठ वैतागून घड्याळ दुरुस्त करायला बसले. "आम्ही विचार करून येतो," असं म्हणून पुन्हा बाहेर पडलो आणि ह्यावेळी सरळ स्टँडवर आलो. यावलची गाडी लागलेली होती, खिडकीची जागा मिळाली. मला बरं वाटलं. जाऊ दे, नाही घेतलं ते बरंच झालं, असं मी मनाला समजावते आहे तोवर कंडक्टरने घंटी मारली आणि हे उठून उभे राहिले.

"जागा धरजो," म्हणाले आणि चालत्या गाडीतून उतरले.

जागा धरून मी काय एकटी यावलला जाणार होते? मी ओरडून गाडी थांबवली, कंडक्टरची बोलणी खाल्ली, पिशव्यांसह उतरले आणि स्टँडवर उभी राहिले. बऱ्याच वेळाने हे आले, काखेत तो मखमलीचा डबा. चेहरा असा की चोरी करून आलेत. आम्ही ठरवलं असं काही म्हणता येणार नाही. ह्यांना राहवलं नाही, एवढंच.

द्यायचं कसं, ती युक्ती मात्र माझी. बुधवारी चिंधाआबा येऊन बसले तसं मी डबा नेऊन त्यांच्यापुढे ठेवला. "आबा, हे नानांनी तुमच्यासाठी मागवलंय. जळगावहून." नानांना बोलता येत नव्हतं, त्यामुळे खोटं पाडायला कुणी नव्हतं. नानांनी डोळा वळवून माझ्याकडे बघितलं. मी पदर पुढे ओढला.

आबांनी डबा उघडला. मखमलीवरून बोट फिरवलं. मग मशीन हातावर तोललं, दारं उघडून बघितली आणि लहान मुलासारखे हसले. "नाना! साहेबाचं हत्यार आनलं माह्यासाठी!" लगेच जाड आवाज: "मंग! चिंध्या काय कमी साहेब शे का?" हे दारात उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. इतक्या दिवसांत मी ह्यांना एवढं खूश बघितलं नव्हतं. मलाही वाटलं, जमलं.

डावा गाल छान झाला. एक ओरखडा नाही. आबा रंगात आले, कुणाच्या तरी वरातीत घोडा कसा बिथरला ते सांगायला लागले. मग उजवीकडे वळले. नानांचा उजवा गाल लकव्याने सुटलेला, रिकाम्या पिशवीसारखा लोंबलेला. तो बोटांनी ताणून धरावा लागतो, आणि ताणणारं बोटही थरथरतच होतं. आबांचा हात वस्तऱ्याच्या सवयीचा. मशीन त्यांनी वस्तऱ्यासारखं आडवं टेकवलं आणि वर दाब दिला. हात थरथरला. पाती आडवी सरकली.

पांढऱ्या फेसातून लाल रेघ आली, ती रुंद होत गेली. आबा घोड्याबद्दलच बोलत होते. त्यांना दिसलंच नाही. नानांची मान तशीच वर, डोळे मिटलेले.

"आबा!" मी ओरडले.

रक्त थांबता थांबेना. वस्तऱ्याने एवढं कधी कापलं नव्हतं. तुरटी झाली, हळद झाली, टॉवेल भिजला. शेवटी हे डॉक्टरांना आणायला यावलला पळाले. सेफ्टी म्हणे! वजनाने हात बसतो म्हणे! लीलाधरशेठना मी मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या ते इथं लिहीत नाही. आबा भिंतीला टेकून उभे होते. मग त्यांनी खाली बसून मशीन धुतलं, पुसलं, डब्यात होतं तसं ठेवलं, डबा मिटून नानांच्या उशाशी ठेवला. धोपटी काखेत घेतली आणि ओट्यावरून उतरले. जाताना नानांकडे बघितलं नाही की माझ्याकडे नाही.

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

जखम भरली, डॉक्टरांच्या कृपेने. दाढी वाढायला लागली. नाना सकाळपासून रस्त्याच्या त्या कोपऱ्याकडे तोंड करून पडायचे. कोणता दिवस आहे हे त्यांना कसं कळायचं कोण जाणे, पण बुधवारी भाकरीचा घास तोंडाशी नेला तर मान वळवायचे. एका रविवारी ह्यांनी मन घट्ट करून साबण फेसला. म्हणाले, मीच करतो, डॉक्टरांनी सांगितलंय. नानांनी ओठ घट्ट मिटले, डाव्या हाताने ह्यांचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. चांगल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ह्यांनी ब्रश टाकला आणि मळ्यात निघून गेले. मी चुलीपुढे बसून राहिले. घरात तीन माणसं, आणि तिघांनाही काही करता येत नव्हतं.

शेवटी मी चिंधाआबांच्या घरी गेले. सुनेने एकटीने जाणं बरं दिसत नाही, पण बरं दिसण्याचा मला तेव्हा कंटाळा आला होता. आबा अंगणात बसलेले होते. मला बघून उठले, खाट पुढे केली, स्वतः जमिनीवर बसले.

"नाना वाट पाहतात," मी म्हटलं.

"मले मालूम आहे, बाई."

"मग?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. हात नुसते हवेत थरथरत होते. "मले का दिसत नव्हतं, बाई? दर बुधवारी कापत व्हतो मी त्यायले. घरी येऊन भाकर गोड लागे नही. पन नानानं एक डाव मान मागे घेतली असती ना, मी हात मागे घेतला असता. त्यायनं घेतली नही. म्या म्हनलं, त्यायले माह्या हातानंच पाह्यजे. मी कसा नही म्हनू?"

नाना मान हलवत नव्हते, कारण आबांना वाईट वाटेल. आणि आबा थांबत नव्हते, कारण नाना मान हलवत नव्हते. वर्षभर त्या एका खाटेवर हे दोन म्हातारे एकमेकांचं मन राखत होते आणि त्यात एकाचं रक्त जात होतं. आणि आम्ही शहाणे त्यांच्यात मशीन घेऊन गेलो.

"आबा," मी म्हटलं, "दाढी राहू द्या. नुसते येऊन बसा. बोला त्यांच्याशी. तेवढंच पाहिजे त्यांना."

आबांनी मान हलवली. "नुसता कसा येऊ? हात हालवत? नानाच्या ओट्यावर मी कामाशिवाय कधी चढलो नही, बाई. आज जाऊन बसलो, तं नानाले वाटीन, चिंध्याले दया आली. त्यायले ते चालनार नही. मलेबी नही चालनार."

तुमच्या-आमच्यात आता असलं काही राहिलं नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. राहिलं होतं. मी त्यांच्या खाटेवर बसलेले होते आणि ते जमिनीवर. कामाशिवाय यायचं नाही आणि काम होत नाही. हे मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे नुसते 'हं' म्हणाले. मला वाटलं, आता ह्यांचीही वाचा गेली.

त्यानंतरच्या बुधवारी मी पाणी तापवलं नव्हतं. कशाला तापवू? भांडी घासत होते, तर ओट्याखालून आवाज आला, "बाई, पानी तापलं का?"

मी राखेचे हात तसेच घेऊन बाहेर आले. आबा पटका सारखा करून नानांच्या उशाशी बसत होते. नानांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही, मला जमणार नाही. मी आत जाऊन पाणी ठेवलं. परत वस्तरा? परत तेच रक्त? नको म्हणावं तर हा माणूस पुन्हा येणार नाही. पाणी तापेपर्यंत मी चुलीपुढे देवाचं नाव घेत होते आणि देवाकडे नेमकं काय मागावं ते मला कळत नव्हतं.

पाणी नेऊन ठेवलं तशी आबांनी मशीन मागितलं. मी डबा आणून दिला. त्यांनी साबण चांगला फेसला, नानांच्या वाढलेल्या दाढीत ब्रशने मुरवला, गाल, हनुवटी, गळा, सगळं पांढरं झालं. मग डबा उघडून मशीन घेतलं, बटण फिरवलं. दारं उघडली. आतली पाती त्यांनी कागदात धरून अलगद बाहेर काढली आणि माझ्यापुढे केली.

"हे वर ठेवून द्या, बाई. कोनाच्या हाताले लागीन."

मी पाती घेतली. आबांनी बटण उलटं फिरवून दारं मिटली आणि रिकामं मशीन नानांच्या कानाजवळ टेकवलं. नानांचे डोळे उघडेच होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. त्यांनी मान वर केली आणि डोळे मिटले.

"तं काय सांगत व्हतो मी," आबा म्हणाले, "तो घोडा!" आणि घोड्याची राहिलेली गोष्ट सुरू झाली. मशीन गालावरून खाली यायचं, फेस निघायचा, खालची दाढी होती तशी दिसायची. आबा फेस टॉवेलला पुसायचे, पुन्हा वरून सुरू करायचे. डावा गाल झाला. मग सुटलेला उजवा. हात थरथरत होता, थरथरू दे. आबांनी घाई केली नाही, पूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच घेतला. मग ओल्या टॉवेलने तोंड पुसलं, तुरटी फिरवली आणि आरसा नानांपुढे धरला.

मी खांबाला धरून उभी होते. वाटलं, आता नाना आरसा ढकलतील. नाहीतर रडतील. नानांनी आरशात बराच वेळ बघितलं. पांढरी दाढी होती तेवढीच होती, फक्त ओली. त्यांनी डावा हात उचलून गालावरून फिरवला, मग हनुवटीवरून, मग पलीकडच्या गालावरून, सावकाश. आणि उजव्या कानाच्या खाली एका जागी बोट टेकवून आबांकडे बघितलं.

"हां," म्हणाले.

"राह्यलं का तठी?" आबांनी वाकून नीट बघितलं. "राह्यलं खरं." आणि ब्रश उचलून त्यांनी तेवढ्या जागेवर पुन्हा साबण लावला.